हिशेबाची वही : जुन्या नावेची किंमत

या सदरात आजवर आपण जुन्या सायकलीचा, लोखंडी कपाटाचा, पागडीच्या खोलीचा, परमिटासकट घेतलेल्या रिक्षाचा हिशेब मांडला. या वेळी आलेले पत्र मात्र मी दोनदा वाचले. प्रश्न आहे शिडाच्या जुन्या नावेचा, आणि नाव आहे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरात.

पत्र लिहिणारे आयुष्मान रेल्वेच्या कारखान्यात डबे-वाघिणी विभागात फिटर होते. ३४ वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. मुलगी आणि जावई सॅन डिएगोला नोकरी करतात, त्यांच्याकडे ते सहा महिने राहून आले. दोघांनी दोन वर्षे थोडे थोडे पैसे बाजूला टाकून शिडाची एक लहान जुनी नाव घ्यायचे ठरवले होते. नऊ वर्षांच्या नातीला पाण्याचे वेड. नाव बघायला गेले तेव्हा सासऱ्यांनाही बरोबर नेले. तिथे सासऱ्यांनी काही बोलून दाखवले आणि सौदा फिसकटला. मुलगी चार दिवस अबोला धरून होती. त्यांचे पत्र संपते ते असे : "सप्रेम जयभीम. माझे चुकले काय ते सांगावे. ज्या घरात माझा एक पैसा खर्च होत नाही, तिथे मी बोलायला नको होते काय?"

मी त्यांना फोन करून तासभर तपशील विचारून घेतला. उरणकडे फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे माझे एक स्नेही आहेत, त्यांच्याकडूनही दोन गोष्टी समजून घेतल्या. त्यावरून हे उत्तर.

आधी ती नाव कशी असते ते सांगतो. गेटवेहून मांडव्याला जाणारी 'कॅटमरान' आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. तिला खाली एकाऐवजी दोन पोटे असतात. शब्द मूळचा तमिळ, 'कट्टुमरम', म्हणजे बांधलेली लाकडे. पूर्व किनाऱ्यावरचे कोळी ओंडके दोरीने एकत्र बांधून त्यावरून समुद्रात जात. गोऱ्या खलाशांनी तो शब्द उचलला आणि पुढे तो दोन पोटांच्या नावेला चिकटला. दोन पोटांची नाव ही खरी पॅसिफिक बेटांवरच्या लोकांची विद्या. नाव तमिळांचे, वस्तू त्यांची, आणि आज धंदा तिसऱ्याचाच.

आपल्या पत्रलेखकांच्या जावयाने पाहिलेली नाव होती 'होबी १६'. सॅन डिएगो आणि लॉस एंजलिस यांच्या मधल्या किनाऱ्यावर होबी आल्टर नावाचा माणूस लाटांवर घसरायच्या फळ्या बनवत असे. आतून फेस, वरून फायबर अशा त्या फळ्या. त्याच हाताने त्याने १९६८ साली १४ फुटी आणि १९७० च्या सुमारास १६ फुटी नाव काढली. हा गृहस्थ २०१४ साली वारला, पण त्याची १६ फुटी नाव जगभर पसरली. आजवर एक लाखाच्या वर निघाल्या आहेत. लांबी पावणेसतरा फुटांच्या आत, रुंदी आठ फुटांना थोडी कमी, वजन सुमारे १४५ किलो, डोलकाठी २६ फुटांच्या वर. दोन पोटे केळ्यासारखी वाकलेली, त्यांवर चार खुंट, खुंटांवर अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि चौकटीत ताणून बसवलेले कापड. माणसे त्या कापडावर बसतात. इंजिन नाही, खोली नाही, झाकण नाही. वाळूवरून पाण्यात ढकलायची आणि पुन्हा वाळूवर ओढून ठेवायची.

अशी नाव नवी घ्यायची तर दहा हजार डॉलरच्या वर जाते. जुनी मात्र काही शे डॉलरपासून तीन-चार हजारांपर्यंत कशीही मिळते. दोन नावा शेजारी उभ्या असल्या, दिसायला सारख्या असल्या, तरी एकीची किंमत दुसरीच्या तिप्पट असू शकते. खरी गोम इथेच आहे.

जाहिरातीत नाव १९९५ ची म्हटली होती आणि किंमत मागितली होती २,२०० डॉलर, गाड्यासकट. जावई आदल्या दिवशी एकटे बघून आले होते आणि खूश होते. पोटांना ताजा पांढरा रंग. इंद्रधनुष्यासारखी रंगीत शिडे. नवे दोर. सासऱ्यांना म्हणाले, "मामा, चकाचक आहे. उद्या पैसे देऊन घेऊनच येऊ." मामांनी विचारले, "फायबरला रंग कशाला काढला?"

माझ्या मते सगळ्या प्रकरणात हाच प्रश्न सर्वांत मोलाचा होता. फायबरच्या नावेला साच्यातच वरचा रंगीत थर येतो. तो उन्हाने फिका पडतो, पण सहसा कोणी वरून रंगवत नाही. जुन्या नावेवर कोरा रंग दिसला तर खाली काहीतरी बुजवलेले असण्याचा संभव धरून चालावे. संभव म्हणतो, खात्री नाही. काही लोक हौसेनेही रंगवतात.

दुसऱ्या दिवशी सगळे गेले. मामांनी जावयाला नावेच्या मागच्या अंगाला उजव्या बाजूचा नंबर वाचायला लावले. अमेरिकेत १९७२ पासून प्रत्येक नावेवर असा १२ अक्षर-आकड्यांचा नंबर कोरावा लागतो, आणि १९८४ नंतरच्या नावांत शेवटचे दोन आकडे मॉडेलचे वर्ष सांगतात. शेवटी होते ८७. म्हणजे जाहिरातीपेक्षा आठ वर्षांनी जुनी. विकणारा गोंधळला, म्हणाला, मला ज्याने विकली त्याने असेच सांगितले होते. खरे असेल. वयावरून मी किंमत फारशी पाडणार नाही. छपराखाली ठेवलेली १९८७ ची नाव उन्हात कुजवलेल्या दहा वर्षे तरुण नावेपेक्षा चांगली निघते. पण एक गोष्ट चुकीची सांगितली गेली की बाकीच्या सर्व गोष्टी स्वतः बघाव्यात, एवढे मात्र नक्की.

आता मुख्य तपासणी. पत्रलेखकांचे आयुष्य चाकांवर हातोडी मारून आवाज ऐकण्यात गेले. सलग लोखंड घंटेसारखे वाजते, तडा गेलेले चाक बद्द बोलते. त्यांनी खिशातून २५ सेंटचे नाणे काढले आणि नावेच्या पुढच्या टोकापासून मागे, बोटभर अंतराने, टकटक सुरू केली. विकणारा हसला. मुलगी म्हणाली, "बाबा, हे रेल्वेचं चाक नाही." मामा पुढे सरकत राहिले. टक, टक, टक. डाव्या पोटावर पुढच्या खुंटाच्या अलीकडे आवाज बदलला. ठप, ठप. दोन तळहातांएवढ्या जागेत ठप. मग त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिले. कापडाखाली पुठ्ठा दाबावा तशी जागा खाली गेली आणि परत वर आली.

हे कशामुळे होते ते समजून घ्या. या नावेचे पोट म्हणजे तीन थर. बाहेर फायबर, मधे फेस, आत फायबर. तिन्ही एकमेकांना घट्ट चिकटलेले असले की ते हलके असूनही लाकडासारखे टणक राहते. उन्हाने तापून, पाणी मुरून, वर्षानुवर्षे वाकून वाकून चिकटपणा सुटला की फायबर वेगळे आणि फेस वेगळा. बाहेरून काही दिसत नाही. गडद रंगाची पोटे जास्त तापतात म्हणून त्यांच्याबाबत जास्त काळजी घ्यावी. मऊ जागा लहान असेल आणि कडेला असेल तर बारीक छिद्रांची जाळी पाडून पातळ इपॉक्सी आत सोडतात, वर वजन ठेवतात, जागा पुन्हा कडक होते. घरी करण्याजोगे काम आहे. पण पुढच्या खुंटापाशी चौकटीचा सगळा भार उतरतो. जोराच्या वाऱ्यात या नावेचे पुढचे टोक लाटेत घुसते, ही तिची खोडच आहे. ते टोक घुसले की पोट नेमके त्या जागी वाकते. तिथे मऊपणा असेल तर पोट मोडू शकते, तेही किनाऱ्यापासून लांब, नऊ वर्षांची पोर वर बसलेली असताना.

म्हणून या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. पोट मऊ असेल तर ती नाव म्हणून घ्यायची नाही. सुट्या भागांचा ढीग म्हणून घ्यायची असेल तर घ्या.

पोटाच्या खालची बाजूही त्यांनी बघितली, आणि हे पुष्कळ लोक करत नाहीत, कारण त्यासाठी पाठीवर झोपावे लागते. या नावेला खाली पाते नसते, त्यामुळे ती सरळ वाळूवर चढते. दरवेळी थोडे फायबर घासले जाते. वीस-तीस वर्षांत तळ कागदासारखा पातळ होतो, काही वेळा आतले दिसू लागते. ही नाव तळाला ठीक होती, कोणीतरी नवा थर चढवला होता.

तारांकडे वळू. डोलकाठी तीन बाजूंनी पोलादी तारांनी उभी धरलेली असते. तारेवरून हलकेच कापड फिरवावे. एखादा धागा तुटलेला असला तर कापड अडकते. हात फिरवू नका, रक्त निघते. एकही धागा तुटलेला असेल तर सगळा संच बदलायचा. एक तार तुटली की २६ फुटांची काठी डोक्यावर येते. इथे दोन तारांत धागे तुटलेले होते. शिडे मळकी पण चालण्याजोगी. बसायच्या कापडाची शिवण नखाने ओढली तरी टिकली. सुकाणूंचे बिजागर थोडे ढिले, ते जुन्या नावेत असतेच.

गाड्याला विसरू नका. कित्येकदा नावेपेक्षा गाड्याचीच किंमत जास्त असते. टायरला भेगा पडल्या आहेत का, चाक हाताने फिरवल्यावर खरखर येते का, सांगाड्याला गंज आतून आहे का, हे आपल्या लोकांना मी काय सांगावे. कागदपत्रांत मात्र लक्षात घ्या, कॅलिफोर्नियात आठ फुटांपेक्षा लांब शिडाच्या नावेची नोंदणी वाहन खात्यात करावी लागते आणि गाड्याची नोंदणी वेगळी असते. दोन्ही कागद विकणाऱ्याच्या नावावर असले पाहिजेत. नसतील तर मागचा मालक शोधत बसणे तुमच्या नशिबी येते.

येथपर्यंत मामांचे सगळे बरोबर. चुकले ते पुढे, आणि मुलीचा राग तिथलाच आहे.

त्यांनी वाटेतच जावयाकडून दुकानातले भाव विचारून घेतले होते. नवी शिडे १,८०० डॉलर, तारांचा संच ३००, टायर आणि बेअरिंग २००. एकूण २,३००. विकणाऱ्याने मागितले २,२००. तेव्हा मामा जावयाला म्हणाले, "त्याला सांगा, हिशेबाने त्यानेच आपल्याला शंभर डॉलर द्यायला पाहिजेत." जावयांनी सांगितले नसते, पण विकणाऱ्याने "ते काय म्हणताहेत" म्हणून आग्रह धरला आणि भाषांतर झाले. गडी नाराज झाला. "तुम्ही नवी नाव घ्या," एवढे म्हणून त्याने ताडपत्री ओढली.

मामा, तुमची वजाबाकी चूक नाही, पण ती चुकीच्या जागी केलीत. जुन्या नावेच्या भावात जुनी शिडे धरलेलीच असतात. जुने लुगडे विकत घेताना नव्या लुगड्याची किंमत कोणी वजा करत नाही. आधी हे शोधायचे की त्या भागात, चालत्या स्थितीतली, कुठे दुखणे नसलेली जुनी होबी १६ गाड्यासकट खरोखर किती डॉलरला जाते. मागितलेला भाव धरायचा नाही, जाहिरात किती दिवस राहते ते बघायचे. तुम्हीच फोनवर सांगितले की १,९०० ते २,४०० मागणाऱ्या नावा महिना महिना तशाच पडून होत्या आणि १,८०० वाल्या आठवड्यात गेल्या. तर मग १,८०० हा तुमच्या भागातला, त्या हंगामातला भाव. थंडीत तो खाली येईल, उन्हाळ्याच्या तोंडी वर जाईल.

त्यातून वजा करायचे ते फक्त नाव पाण्यात सुरक्षित उतरवण्यासाठी जे लागेल ते. तारा ३००, टायर-बेअरिंग २००. शिडे चालतात, तर शून्य. म्हणजे पोट चांगले असते तर १,३०० डॉलर रास्त होते. पोट चांगले नाही. तेव्हा हिशेबच बदलतो, आणि गाडा, काठी, शिडे, सुकाणू एवढेच विकत घ्यायचे उरते. त्याचे ७०० म्हणा. विकणारा २,२०० वर ठाम असेल तर त्याला नमस्कार करून निघायचे. त्याला चोर ठरवायचे कारण नाही. त्यालाही कोणीतरी रंग लावूनच विकली असणार.

घासाघीस करण्याबद्दलही थोडे. आपल्याकडे भाजीवालीला अर्धा भाव सांगून पाठ फिरवायची आणि तिने हाक मारायची, हा दोघांनाही ठाऊक असलेला खेळ आहे. तिथल्या माणसाला तो अपमान वाटतो. त्याला दोष दाखवा, त्या दोषाच्या खर्चाचा आकडा सांगा, आपला भाव एकदाच सांगा आणि गप्प बसा. तुमच्याजवळ तर ठप वाजणारी जागा होती. त्याचाच अंगठा तिथे ठेवायला सांगितला असता तर शंभर डॉलरचा विनोद करायची गरजच पडली नसती.

आता मुलीचे. तिला मी दोष देत नाही. परक्या देशात शेजाऱ्यापाजाऱ्यांपुढे बापाने हसे करून घेतले असे तिला वाटले. पण फोनवर तुम्ही सांगितले की जावई त्या रात्री एकटेच तुमच्या खोलीत आले आणि म्हणाले, "मामा, ते नाणं मारायचं मला शिकवा." खर्च तुमचा नसेल, पण बसणारी नात तुमची होती. तुम्ही बोलायला हवे होते, आणि बोललात. फक्त शेवटचे वाक्य गिळायला हवे होते. ते मुलीजवळ कबूल करा, बाकीचे करू नका.

दुसरी नाव त्यांनी जूनमध्ये घेतली, तीही मी विचारून घेतली. रंग उडालेला, पांढरी भुकटी हाताला लागणारी, बघताच मुलगी म्हणाली, "ही?" पण नाणे दोन्ही पोटांवर टोकापासून टोकापर्यंत एकसारखे वाजले. या वेळी वाजवणारे जावई, मामा हात मागे बांधून उभे. तारा तीन वर्षांपूर्वी बदलल्याची पावती मालकाने दाखवली. टायर चांगले. बसायचे कापड मात्र फाटलेले, त्याचे ३५० डॉलर. १,८०० मधून ३५० गेले म्हणजे १,४५०. मालक १,५०० म्हणत होता. जावयांनी फाटके कापड दाखवून १,३५० सांगितले, आणि १,४०० ला व्यवहार झाला. मामा पूर्ण वेळ एक शब्द बोलले नाहीत, असे ते स्वतःच सांगतात. मी विश्वास ठेवतो.

एक गोष्ट त्यांनी विचारली नव्हती, पण सांगणे भाग आहे. डोलकाठी उभी करण्यापूर्वी वर बघा. अमेरिकेत पूर्वी या नावांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या काठ्या विजेच्या तारांना लागून माणसे मेली आहेत. त्यानंतर १९८० च्या दशकात कंपनीने काठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या फायबरचा केला. तुमच्या नावेच्या काठीचा शेंडा वेगळ्या पदार्थाचा, जोड दिलेला आहे का ते पाहा. सबंध अ‍ॅल्युमिनियमची असेल तर तो भाग बदलून घ्या आणि तोवर वाहने उभी करायच्या जागेत काठी उभारू नका. शेंडा फायबरचा असला तरी खालची काठी धातूचीच आहे, तेव्हा तारांपासून लांबच राहायचे. आणि नातीला, पोहता येत असले तरी, तरंगते जाकीट घातल्याशिवाय कापडावर बसू द्यायचे नाही.

पुढच्या अंकात सातारा जिल्ह्यातल्या एका भगिनीच्या जुन्या शिलाई मशीनचा प्रश्न घेऊ. त्यांनी मशीनच्या पायापाशी कोरलेला नंबर पत्राने कळवावा, आणि चाक हाताने फिरवल्यावर कुठे अडते काय तेही लिहावे.